सोडलेली सावड

मुगाच्या पापडाले मी कधी घाबरीन असं कोनी सांगतलं असतं तं म्या त्याले येड्यात काढलं असतं. पन या उन्हाळ्यात माह्या घरी पापडाचे डबे पलंगाखाली झाले, कपाटावर झाले, पोराच्या कम्प्युटरच्या मांगे झाले, अन् एकेक डबा दिसला का मी तोंड फिरवून घेवो. कसं ते सांगते. मधात टोकू नोका, मले राग येते.

मी रुखमा. बाभुळगावले बसस्टँडच्या मांगच्या मोहल्ल्यात राहते. माहा नवरा देवराव यष्टीत कंडक्टर होता, आता रिटायर झाला. पोरगा धम्मरत्न शाळेत मास्तर हाय, अन् सून उर्वशी. माहा सभाव कसा हाय ते साऱ्या मोहल्ल्याले माईत हाय. नळावर माह्या बादलीच्या समोर बादली ठेवाची कोनाची छाती होत नाई. उर्वशी लग्न होऊन आली तवा सासूच्या आवाजानंच रडे. मंग तीबी शिकली, अन् इतकी झ्याक शिकली का आमी दोघी कोथिंबिरीच्या एका जुडीवरून दुपारभर भांडू शकत होतो. घर कसं भरल्यासारखं वाटे.

मंग छातीत गाठ लागली. नागपूरले नेलं, डावी छाती काढली, काखेतल्या गाठी काढल्या, त्याच्यावर सलाईनीतून ते कडक औषध. केस गेले, तोंडाची चव गेली. हे सारं म्या सोसलं, त्याचं रडगानं इथं गात नाई. शेवटच्या दिवशी तिथली डॉक्टरीनबाई म्हन्ली, "रुखमाबाई, तुमी येळेवर आल्या. तपासाले मात्र येत राहा. डाव्या हातानं जड उचलू नोका, पन हात रिकामाबी ठेवू नोका. भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चढवत न्या, रोज जराक वर. घरची हलकी कामं करा, जशा राहत होत्या तशा राहा." घरचे सारे तिथंच उभे होते. साऱ्याइनं माना हलवल्या.

माहा रोग गेला तं घरच्याईले दुसराच लागला. गोड बोलाचा.

देवरावचंच पाहा. या मानसानं लग्नानंतरच्या माह्या पहिल्या भाजीले "दवाखान्यातली हाय का" असं इचारलं होतं. त्या मानसाले म्या एक दिवस मुद्दाम बिनमिठाचं वरन वाढलं. भुरके मारून खाल्लं अन् म्हन्ले, "वा, काय चव हाय." दुसऱ्या दिवशी मुठीनं मीठ टाकलं. तेबी खाल्लं, वरतून दोन तांबे पानी पेले अन् म्हन्ले, "कालच्यापेक्षा भारी." उर्वशीले तिच्या मायनं रुखवतात कपाचा सेट देला होता, फुलाफुलाचा, आमी कोनी त्याले हात लावत नव्हतो. म्या तिच्यासमोर त्यातले दोन कप खाली सोडून देले. ती म्हन्ली, "जाऊ द्या आई, त्याईले फुटाचंच होतं." अन् झाडू घेऊन काचा भरल्या. मले त्या दिवशी जेवन गेलं नाई.

भेटाले येनाऱ्याईचं तं इचारूच नोका. आमच्या कंडक्टरनं ओट्यावर बाक टाकला, शेजारच्या अय्यूबमियाच्या ग्यारेजातून सायकलची घंटी आनून चौकटीले ठोकली. आत एक घर बसलं का बाहेरच्याईले म्हनत, "पुढं सरका, मांगच्याईले जागा द्या." येळ झाली का टिंग टिंग. मुकुटबनहून माहे चुलतदीर आले. त्याईनं मले पाह्यलं अन् असे रडले का त्याईले चक्कर आली. म्या त्याईले पलंगावर झोपवलं, साखरपानी पाजलं, पाय चोळले. घंटी वाजली तरी उठेनात. जाताना म्हन्ले, "वहिनी, तुमाले भेटून लय धीर आला." आता मले सांगा, कोन कोनाले भेटाले आलतं.

सकाळी तेवढं माहं एक काम राहे, भिंतीवर बोटं चढवाचं. आमच्या अंगनाले लागून हलीमाच्या घराची भिंत हाय, अय्यूबमियाची बायको हलीमा. त्या भिंतीत उंचावर तिच्या सैपाकघराची खिडकी हाय. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहो अन् बोटं चढवो. खिडकीच्या बरंच खाली काखेत अशी कळ निंगे का बोटं उतरून येत. रिकामा न्हावी भिंतीले तुंबड्या लावी म्हनतात, तशी गत.

आता सावड म्हनजे काय ते सांगते, नाई तं पुढचं समजनार नाई.

आमच्या मोहल्ल्यात उन्हाळ्याचं वाळवन एकटी बाई करत नाई. आज एकीच्या घरी साऱ्या बसतात, उद्या दुसरीच्या. जी तुमच्या घरी पापड लाटून गेली तिच्या घरी तुमाले जाच लागते. ताप असो, पाहुने असो, नवरा बोंबलत असो. जाऊन तिच्याइतकं लाटलं म्हनजे सावड फिटली. अन् दुसरी एक गोष्ट हाय, ते कोनी तोंडानं बोलत नाई. सावड सोडताबी येते. दोन सालामांगं म्हाताऱ्या मोतीबाईच्या घरी साऱ्याजनीनं कुरडया घातल्या अन् निंगताना तिले म्हन्लं, "मोतीबाई, तुमी आता नोका येऊ, राहू द्या." तिच्या कुरडया तिच्याच तेरवीले तळल्या.

तं यंदा पयला दिवस माह्या घरचा ठरला. मी लाटनं धुवून तयार. बाया आल्या अन् मले अंगनात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर टॉवेल, पायाखाली चटई, समोर टेबलफॅन. सरपंच झेंड्याले बसते तशी मी बसली. लाटनं घ्याले वाकली तं अंगनवाडीतल्या दीपानं ते पाठीमांगं लपवलं. "मावशी, तुमी नुसतं पाहा."

मी पाहत बसली. बाया लाटता लाटता माह्या गोष्टी सांगत होत्या. रुखमामावशीचे पापड कसे कागदासारखे राहत. मावशीचा हात कसा चाले. मावशी बोले फटकन, पन मनानं साफ होती. होती. मी तिथंच बसलेली, फॅनसमोर, जितीजागती. म्या म्हन्लं, "होती म्हनजे काय वं, आता घान झाली का मनानं?" तं साऱ्या हसल्या अन् एकीनं डोळे पुसले. एकटी हलीमा भिंतीच्या कोपऱ्यात बसून गुमान लाटत होती. तिनं ना तारीफ केली, ना डोळे पुसले, ना चहा पेला.

संध्याकाळी डबे भरले. दरसालच्या डबल पापड लाटून ठेवले होते, मले पुढं लागन असं समजून का माह्या मांगून लागन असं समजून, त्याईले माईत. म्या दारात उभी राहून एकेकीले इचारलं, "तुह्या घरी कधी येऊ?"

दीपा म्हन्ली, "राहू द्या मावशी."

दुसरी म्हन्ली, "राहू द्या ना काकू, तुमी आराम करा."

तिसरीनं तं माह्या गालावरून हात फिरवला अन् बोटं मोडली. हलीमा सगळ्यात शेवटी उठली, लाटनं ओढनीले पुसलं, अन् एक शब्द न बोलता निंगून गेली.

डॉक्टरीनबाई म्हन्ते तू जगशीन, अन् मोहल्ला म्हन्ते राहू दे. डॉक्टरीन बिचारी नागपूरची, तिनं मले कितीक पाह्यलं असन. हा मोहल्ला मले जवानीपासून पाहून राह्यला. मले मोहल्ल्याचंच खरं वाटलं. खरं सांगते, ऑपरेशनच्या टेबलावर चढताना मी भेली नाई तितकी त्या "राहू द्या"ले भेली. घरात पाय टाकावा तिकडं पापडाचा डबा, अन् मले मोतीबाईच्या कुरडया दिसत.

म्हन्लं, देत नाईत तं चोरून करू. सावड फेडल्याशिवाय मी मरत नसते.

दीपाच्या घरचा दिवस आला. देवरावले माह्या बेताचा वास लागला असन, कारन त्याईनं चौकटीची घंटी काढून फाटकाले बांधली. फाटक उघडलं का टिंग टिंग, अन् हे ओट्यावरून इचारत, "कुठलं तिकीट?" मी न्हानीच्या मांगून निंगाली. पदराखाली पोळपाट, कमरेले लाटनं खोचलेलं. लोकाच्या घरी चोर दागिने उचलाले शिरते, मी पापड लाटाले शिरली. दीपाच्या मांगच्या दारानं जाऊन धान्याच्या कोठीआड बसली अन् समोरच्या परातीतल्या लाट्या हळूच वढून घेतल्या. हाताची बोटं सुन्न पडत, औषधानं तसं होते म्हने, तरी चांगली चळत लाटली. वाकडे झाले काई, पन पापड ते पापड.

मंग कान देला तं लाटन्याचा आवाज नाई. मान वर केली तं बाया कोठीभवती उभ्या, कोनाचे डोळे भरलेले, अन् दीपा मोबाईलवर फोटो काढून राह्यलेली. म्या म्हन्लं, "काय पाहता? फेडली म्या सावड." दोघीजनी मले हाताले धरून घरी सोडून गेल्या. फाटकाची घंटी वाजली तं देवराव दचकून म्हन्ले, "ही उतरली कवा?"

त्या दिवशी मले झोप चांगली लागली. दुसऱ्या दिवशी दीपाकडं दही मांगाले गेली तं तिच्या कपाटात स्टीलचा वेगळा डबा. त्याले लाल फीत बांधलेली.

"हे काय वं?"

"तुमचे पापड, मावशी. हे नाई तळनार. तुमच्या हातची आठवन म्हनून ठेवनार हाय."

मी तशीच मांगे फिरली. पन गोष्ट मोहल्लाभर झाली होती. बाया घरी येऊन म्हनाले लागल्या, "मावशी, आमालेबी एक लाटून द्या ना. एकच." बाप्पा, ज्या बायाईनं माह्या हातून लाटनं हिसकलं, त्याच आता घरून लाट्या घेऊन येत. बाकावर रांग. देवराव म्हनत, "एका घराले एक, सगळ्याइले भेटन." एकीनं तं तिच्या सासऱ्याच्या फोटोची फ्रेम काढून काचेत पापड बसवला अन् भिंतीले टांगला. म्या म्हन्लं, "भैताडे, बुरशी लागन त्याले." ती म्हन्ली, "लागू द्या मावशी, तुमचं बोलनंबी आठवन." आठवनीनं सावड फिटत नसते. पापड कोनी तळून खाल्ला, तिखट झाला म्हनून नाव ठेवलं, तं फिटते.

आता वाळवनाचं एकच घर राह्यलं होतं. हलीमाचं.

हलीमा कशी बाई हाय ते सांगते. साऱ्या मोहल्ल्यात माह्याशी जर कोनी बरोबरीनं भांडत असन तं ती. तिच्या कोंबड्या माह्या अंगनात, माह्या न्हानीचं पानी तिच्या दारात, अय्यूबमियाच्या ग्यारेजाची ठोकठोक माह्या डोक्यात, आमाले इषयाची कमी नाई. अन् सावडीच्या बाबतीत तं दगड. धम्माच्या लग्नात घरी हळद चालू होती, मांडव पडलेला, पाहुने आलेले, अन् ही बाई दारात उभी. "रुखमा, आज माह्या शेवया हायत." म्या म्हन्लं, "अवं, पोराची हळद हाय." ती म्हन्ली, "तं हात धुऊन ये." हात कितीबी धुतले तरी हळद जाते का. त्या साली हलीमाच्या घरच्या शेवया पिवळ्या झाल्या, अन् ईदीले त्याच खाल्ल्या त्याईनं.

म्या म्हन्लं, ही नाई सोडनार. साऱ्या जगानं सोडली तरी ही दारात येईन अन् म्हनन, चाल. तिच्या शेवयाचा दिवस वाळवनाच्या शेवटी असते. मी वाट पाहत राह्यली. रोज सकाळी तिच्या भिंतीवर बोटं चढवो अन् कान तिकडं लावो.

मंग एक दिवस भिंतीपलीकडून मशीनचा आवाज आला. शेवयाची मशीन खाटेले घट्ट बसवून फिरवतात, तिचा करकर आवाज मी झोपेतबी वळखीन. बायाईचं बोलनं आलं. दीपाचं हसनं आलं. साऱ्या गेल्या होत्या. दारात मात्र कोनी आलं नाई. चहाची येळ झाली, ऊन भिंतीवरून वर सरकलं, कोनी आलं नाई.

मी न्हानीत जाऊन रडली. लय रडली. देवराव बाहेरून म्हन्ले, "रुखमा, काई पायजे का?" काय सांगू त्या मानसाले. मले हलीमा पायजे होती. तिनंबी सोडली म्हनजे आता सुटलंच सारं.

मंग रडता रडता मले राग आला. अन् राग आला तं जरा बरं वाटलं. तोंड धुतलं, पदर खोचला, अन् समोरच्या फाटकातून निंगाली, घंटी वाजवत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाई, अन् मी अजून मेली नव्हती.

हलीमाच्या अंगनात बाज टाकलेली. तिची सून कहकशां मशीन फिरवत होती, हलीमा पीठ कोंबत होती, बाया खाली पडनाऱ्या शेवया दोन्ही हातावर झेलून वर टांगलेल्या बांबूवर टाकत होत्या. म्या दारातूनच म्हन्लं, "हलीमा, माही सावड काहून सोडली?"

मशीन थांबली.

"कोनी सोडली?" हलीमा म्हन्ली.

"तुनं सोडली. बाकीच्याईनं सोडली ते सोडली. पन तू? मले पोराच्या हळदीतून ओढून आन्लं होतं तुनं."

"हौ, आन्लं. तं?"

"तं आज काहून नाई आन्लं? मी मेली का?"

दीपानं हुंदका देला. हलीमा तिले म्हन्ली, "ए, शेवयावर पानी नोको पाडू, चिकटतात." मंग पिठाचे हात घेऊन उठली अन् माह्यासमोर येऊन उभी राह्यली. "वर पाय."

म्या वर पाह्यलं. वर बांबू होता.

"हात वर कर. दोनी."

उजवा गेला. डावा कानापर्यंत गेला अन् तिथंच अटकला.

"झालं?" हलीमा म्हन्ली. "आता सांग, बांबूवर शेवया कोन टाकन, तुहा बाप? मैं तेरे घर पे दोनो हाथसे बैठी. दिवसभर. तुहा तो चहाबी नाई पेली. मले सावडबी दोन हाताचीच पायजे. अर्ध्या हाताचं काम मी घेत नसते. यंदा होत नाई तं पुढच्या साली देशीन. सोडू कायले? फुकटची हाय का माही मेहनत?"

मले वाटलं आपल्याले नीट ऐकू आलं नाई. "पुढच्या साली?"

"मंग काय या साली? रोज तं पाहते मी. तुही बोटं माह्या भिंतीवर घोरपडीसारखी चढतात, खिडकीच्या खाली येऊन थांबतात अन् उतरून जातात. तिथं माह्या खिडकीले गज हाय, तो पकडून दाखव आधी. तेवढं होत नाई तुह्यानं. कामचोर झाली तू, रुखमा."

इतक्या महिन्यात मले कोनी कामचोर म्हन्लं नव्हतं. शूर म्हन्लं, देवमानूस म्हन्लं, धीराची म्हन्लं. कामचोर म्हनाले हलीमाच लागली. माह्या डोळ्यात पानी आलं, पन ते मी तिले दिसू देनार होती का. म्या म्हन्लं, "कामचोर कोनाले म्हन्ते? तुह्या कोंबड्याइनं माह्या अंगनातली कोथिंबिरीचा वाफा खाल्ला ते कोन भरन?"

"अन् तुह्या न्हानीचं पानी?"

"ग्यारेजाची ठोकठोक बंद कर आधी, मंग पान्याचं बोल."

मंग आमी भांडलो. बाई, काय भांडलो. सारं मांगचं काढलं, हळदीच्या शेवया काढल्या, तिनं नेलेली अन् वापस न देल्याली किसनी काढली. बाया पयले घाबरल्या, मंग मशीन सुरू करून ऐकत बसल्या. आमचे कंडक्टर फाटकाची घंटी उपटून धावत आले अन् आमच्या मधात उभे राहून टिंग टिंग कराले लागले. हलीमा म्हन्ली, "देवरावभाऊ, बाजूले व्हा, गाडी अजून भरली नाई." अय्यूबमियानं त्याईच्या हातातली घंटी काढून घेतली, म्हन्ले, "माही हाय ती," अन् त्याईले ग्यारेजात चहा प्याले घेऊन गेले.

दम लागला तवा मी बाजीवर टेकली. हलीमानंच पान्याचा गिलास देला, पन माह्याकडं न पाहता. मंग म्हन्ली, "पुढच्या साली दोन दिवस येशीन. एक यंदाचा, एक पुढचा."

"दोन कायले? तू एक दिवस आली, मीबी एकच दिवस येईन."

"यंदाचा राह्यला तो?"

"तो तुनंच नाई घेतला. हात पाहून तुनंच वापस पाठवलं. म्या तं आन्ला होता."

"दोन."

"एक."

घरी आली तं मले कडकडून भूक लागलेली. उर्वशीनं ताट वाढलं. पयला घास घेतला अन् म्या म्हन्लं, "मीठ कोन टाकाचं याच्यात, तुहा मास्तर?"

उर्वशी म्हन्ली, "हो आई, वाढते," अन् मिठाची बरनी उचलली. मंग तिनं बरनी खाली ठेवली. भिंतीपलीकडचं तिनंबी ऐकलं असन. म्हन्ली, "मीठ बरोबर हाय. औषधानं तुमच्या जिभेचीच चव गेली हाय. अन् माह्या मायनं देलेले कप तुमी मुद्दाम फोडले, मले दिसत नाई का?"

"मंग तवा काहून नाई बोलली?"

"मी नाई बोलली म्हनून काय झालं? डॉक्टरनं सांगतलं होतं का कप फोडा म्हनून?"

जेवन सरेपर्यंत आमी कपावरून भांडलो. देवराव मधात मान खाली घालून जेवत होते. सारं संपल्यावर हळूच म्हन्ले, "खरं म्हनजे वरनात मीठ जास्तच हाय." दोघीइनं त्याईच्याकडं पाह्यलं अन् दोघीइले हसू आलं. मले किती दिवसानं हसू आलं ते काय सांगू.

दुसऱ्या दिवशी मी दीपाकडं गेली, फीत सोडली, पापड तिच्याच कढईत तळले अन् तिच्यासमोर बसून तिले खाऊ घातले. ती म्हन्ली, "मावशी, जराक जाड झाले." म्या म्हन्लं, "फिटली." फ्रेमवालीचा पापड काई तळता आला नाई, त्याले खरंच बुरशी लागली होती. तिच्या सासऱ्याचा फोटो म्या स्वतः वापस बसवून देला.

घरच्या डब्यातले पापड आता मी बिनधास्त खाते. पुढं लागतीन म्हनून ठेवले होते ना, मंग पुढं लागूनच राह्यले.

उन्हाळा सरला. बोटं चढवनं चालू होतं, अन् आता मी राग काढून चढवो. परवा सकाळी बोटं नेहमीच्या जागी आली, काखेत कळ निंगाली, म्या म्हन्लं, कळ गेली खड्ड्यात, अन् अजून एक बोट वर टाकलं. मंग दुसरं. मंग थंड लोखंड लागलं. खिडकीचा गज. म्या दुसराबी हात वर नेला, दोन्ही हातानं गज पकडला अन् तशीच उभी राह्यली, गाल तिच्या भिंतीले लावून.

आत पोळ्या लाटाचा आवाज येत होता. तो थांबला नाई.

"दिसली बोटं," हलीमा आतून म्हन्ली. "आता दोन दिवस पक्के."

"एक," म्या म्हन्लं.

"दोन."

देवराव ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हन्ले, "अवं रुखमा, दीडावर मिटवून टाका न."

म्या गज न सोडता त्याईले म्हन्लं, "तुमी मधात नोका पडू. आमाले सालभर येळ हाय."